दोन मोटारी आणि मेलेले किडे

जुन्या शर्यतीच्या मोटारींची तुलना करायची म्हटली, की सिलिंडर किती, अश्वशक्ती किती आणि सर्वोच्च वेग किती, एवढ्यावर निकाल लावला जातो. शाळेतल्या प्रश्नमंजूषेतही हेच चालते. जग्वार डी-टाइप आणि पोर्शे ९१७ या दोन मोटारींच्या बाबतीत ही पद्धत किती तोकडी पडते, हे पाहण्यासारखे आहे.

दोघींचे नाव झाले ते फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत. डी-टाइपने ती १९५५, १९५६ आणि १९५७ अशी ओळीने जिंकली. ९१७ ने १९७० आणि १९७१ साली. १९५७ च्या विजेत्या मोटारीचा सरासरी वेग ताशी १८३ किलोमीटर होता, १९७१ च्या विजेतीचा २२२. दरम्यान इंजिनाची ताकद सुमारे ३०० अश्वशक्तीवरून ६०० च्या आसपास गेली होती. ताकद दुप्पट, वेग मात्र सव्वापटही नाही! हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. १.२१ चा घन करून पाहा, १.७७ येतो. वळणे, ब्रेक, इंधनासाठीचे थांबे यांमुळे हिशेब इतका सरळ नाही. पण दहावीच्या वर्गात हे उदाहरण खुशाल द्यावे.

डी-टाइपचा आकार ठरवणारे माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यातून आलेले. चालकाच्या डोक्यामागचा उभा पंख शोभेचा नव्हे. बाणाच्या पिसांप्रमाणे तो हवेच्या दाबाचा मध्य मागे नेतो आणि मोटार सरळ ठेवतो.

९१७ चे इंजिन बारा सिलिंडरचे, पण १९६९ साली ही मोटार भरधाव वेगात अशी डळमळे, की कसलेले चालकही तीत बसायला नाखूष असत. त्या वर्षीच्या ल मां शर्यतीत, पहिल्याच फेरीत, जॉन वुल्फ हा चालक याच मोटारीत मरण पावला. रोध कमी करण्याच्या नादात उचल विसरली गेली होती. वेग वाढला की मागच्या चाकांवरचा भार हलका होई. पुढे ऑस्ट्रियातील चाचणीत अभियंते जॉन हॉर्समन यांना दिसले, की मोटारीच्या पुढच्या भागावर मेलेले किडे चिकटले आहेत, शेपटावर मात नाहीत. म्हणजे हवा शेपटाला न शिवताच वरून निघून जात होती. तिथल्या तिथे पत्रे कापून, ठोकून शेपूट उंच केले आणि मोटार ताळ्यावर आली.

आकडे ९१७ च्या बाजूने आहेत. तरीही विचार म्हणून मला डी-टाइप सरस वाटते. तिने हवेला आधी विचारात घेतले, दुसरीने ठेच लागल्यावर. किड्यांचे निरीक्षण मात्र दोन्ही मोटारींहून मोलाचे.

चुडाव्यासारख्या गावी वाऱ्याचा बोगदा कुठला? पण संध्याकाळी येणारी एसटी आहे. तिच्या पुढच्या काचेवर किडे असतात, मागच्या बाजूवर धुळीचा जाड थर. किडे मागे का नाहीत आणि धूळ मागेच का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर बसमागे फिरणाऱ्या भोवऱ्यांत आहे. पहिले मुलांवर सोपवावे.