किती पावलांवरून? हरणाच्या शिकारीसाठी पिस्तूल निवडणाऱ्यांचं लेखन

आपल्या मंडळाच्या पानांवर शिकारीबद्दल आजवर जे आलं, ते बहुतेक चित्त्याबद्दल आहे. साहजिकच आहे. बडोद्यात राहून खंडेराव महाराजांचे चित्ते विसरायचे म्हटले तरी लुई रूसले ते विसरू देत नाही. १८६०च्या दशकात इथे येऊन गेलेल्या या फ्रेंच प्रवाशाचं पुस्तक १८७५ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. बैलगाडीवरचा टोपी घातलेला चित्ता आणि समोर बुजलेले कळवीट हे चित्र त्याच्यासारख्या प्रवाशांनीच जगाच्या डोक्यात बसवलं. मी मात्र आज भलत्याच ठिकाणच्या लेखनाबद्दल लिहिणार आहे. अमेरिकेत 'हरणाच्या शिकारीला जाताना लांब पल्ल्याचं पिस्तूल कुठलं घ्यावं' या विषयावर पुस्तकं, मासिकं, सदरं असा एक भरगच्च वाङ्मयप्रकारच आहे. गेले काही महिने मी तो वाचतो आहे.

याचा बडोद्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. एक संबंध सरळ प्राण्याचा आहे. आपलं कळवीट १९३२ मध्ये टेक्सासच्या एडवर्ड्स पठारावर नेऊन सोडलं गेलं आणि तिथे चांगलंच रुजलं. इकडे १९७२च्या कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. तिकडे खासगी रँचवर पैसे भरून त्याची शिकार होते, आणि पिस्तूल घेऊन जाणाऱ्या शिकाऱ्यांच्या लेखनात ते वारंवार भेटतं. दुसरा संबंध वाचनाचा आहे. शिकारीच्या पुस्तकातलं हत्यारांचं प्रकरण आपण नेहमी उलटून पुढे जातो: नळीची लांबी, दारूचं वजन, कोण वाचतो हो? माझं म्हणणं असं की लेखक खरा किती हे तपासायला त्याच्याइतकी चांगली जागा पुस्तकात दुसरी नाही.

पिस्तुलाने हरीण, हे ऐकून आपल्याकडचा माणूस आधी हसतो. शिकारीतलं पिस्तूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते हौदा पिस्तूल. आखूड, जाड, बहुधा दोन नळ्यांचं. वाघ हत्तीच्या मस्तकावर चढून हौद्यापर्यंत आला तर चालवायचं, म्हणजे हातभर अंतरावरून. ते जीव वाचवण्याचं साधन होतं. त्याने कुणी चरणाऱ्या कळपावर नेम धरत नसे.

अमेरिकेतली गोष्ट निराळी. तिथे 'अँटिलोप' म्हणतात तो प्रॉन्गहॉर्न. शास्त्राच्या हिशेबाने तो खरा अँटिलोप नव्हेच. त्याचं कूळ वेगळं आहे आणि शिंगावरचं आवरण तो दरवर्षी टाकतो. वायोमिंगसारख्या राज्यांतल्या उघड्या माळावर राहणारा, नजरेचा तीक्ष्ण, पळण्यात अमेरिका खंडात पहिला. आडोसा नाही, वारा सतत. म्हणजे आपल्या कळवीटासारखाच प्रश्न: जवळ जायचं कसं? जवळ जाता येत नसेल तर लांबून मारणारं हत्यार हवं, हे तर्कशास्त्र तिथून सुरू होतं.

हत्यारंही तशी निघाली. रेमिंग्टनने १९६३ मध्ये एक्सपी-१०० काढलं: बोल्टचं, एका गोळीचं, नायलॉनच्या मुठीचं. १९६७ मध्ये वॉरन सेंटर यांनी रचलेलं थॉम्प्सन-सेंटरचं कंटेंडर आलं. तेही एका गोळीचं, मधून मोडून भरायचं. गंमत अशी की नळी बदलली की काडतूस बदलतं. मग १९७०च्या दशकात धातूच्या आकृत्या पाडण्याची मेक्सिकोतली स्पर्धा अमेरिकेत पिस्तुलावर आली. पन्नास मीटरवर कोंबडी, शंभरावर डुक्कर, दीडशेवर टर्की, दोनशेवर मेंढा. या खेळाने पिस्तुलाचा पल्ला वाढवला यात शंका नाही. कंटेंडरला चौदा इंची नळी लागली, हाताच्या अंतरावरून दिसेल अशा दुर्बिणी आल्या, ७-३० वॉटर्स, ७ मिलिमीटर टीसीयू अशी काडतुसं आली. लोखंडी मेंढा दोनशे मीटरवर पडतो, तर प्रॉन्गहॉर्न का पडू नये, हा विचार फार दूर नव्हता.

इथे या लेखनाची जमेची बाजू सांगितलीच पाहिजे, कारण ती मोठी आहे. यातले चांगले लेखक विलक्षण नेमके आहेत. एक उदाहरण देतो. ३०-३० हे जुनं काडतूस. नळीखाली एकामागे एक गोळ्या भरायच्या रायफलीत त्याची गोळी चपट्या नाकाचीच लागते. टोकदार असली तर पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकून धोका. कंटेंडरमध्ये एकच गोळी, त्यामुळे टोकदार चालते, ती हवा चांगली कापते आणि त्याच काडतुसाचा पल्ला वाढतो. वाचताना वाटतं, वा, काय युक्ती! पण चांगला लेखक पुढे जातो. आखूड नळीतून गोळी रायफलीपेक्षा सावकाश निघते. शिकारीची गोळी लागल्यावर फुलावी अशी घडवलेली असते आणि फुलायला तिला ठरावीक वेग लागतो. बऱ्याच रायफलींच्या गोळ्यांसाठी तो सेकंदाला १,८०० फुटांच्या आसपास धरतात. त्याखाली ती न फुलता सुईसारखी आरपार जाते. हरीण पळून जातं आणि कुठेतरी झुडपात तासाभराने मरतं. म्हणून पिस्तुलासाठी मुद्दाम मऊ गोळ्या घडवाव्या लागल्या.

याचा अर्थ काय होतो पाहा. पल्ला कुठे संपतो हे नेमबाजाच्या हाताने ठरत नाही. गोळी जिथे आपलं काम करायचं थांबवते, तिथे तो संपतो, मग नेम किती का पक्का असेना. लोखंडी मेंढ्याला हे लागू नाही. तो नुसता धक्क्याने पडतो. स्पर्धेतून शिकारीत येताना नेमका हाच फरक हरवतो. जो लेखक हा फरक सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. जो केवळ काडतुसांची यादी आणि सोबत मेलेल्या हरणाचा फोटो देतो, त्याच्यावर नाही.

दुसरी कसोटी अंतराच्या अंदाजाची. सेकंदाला सातशे मीटर वेगाने निघालेली गोळी दोनशे यार्ड जाईपर्यंत नळीच्या रेषेखाली सव्वा फुटाहून जास्त घसरते, तीनशेवर तीन फुटांच्या घरात. अंतर माहीत असेल तर दुर्बीण हे सांभाळून घेते. माहीत नसेल, आणि उघड्या माळावर भलेभले फसतात, तर मर्मावर धरलेला नेम पोटात किंवा पायात जातो. अंतर मोजणारी यंत्रं आता खिशात मावतात, मान्य. वारा मात्र अजून कुणी खिशात घालून आणलेला नाही.

या सगळ्या लेखनाच्या मागे एक माणूस उभा आहे: आयडाहोचा एल्मर कीथ. पॉइंट ४४ मॅग्नम या काडतुसाचा मोठा पुरस्कर्ता. ते बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत आपण रिव्हॉल्व्हरने सहाशे यार्डांवरचं म्यूल डिअर पाडल्याचं त्याने लिहिलं. पुढे १९७९च्या 'हेल, आय वॉज देअर' या आत्मकथनातही तो दावा आहे, आणि त्यावरचा वाद आजतागायत मिटलेला नाही. बहुतेक टीकाकार विचारतात, हे शक्य होतं का? मला हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो. कीथची हकीकत नीट वाचली की दिसतं, ते हरीण सोबतच्या माणसाच्या रायफलीने आधीच जखमी झालेलं होतं आणि निसटत होतं. कीथने पहिल्या गोळ्यांची धूळ कुठे उडते ते बघत अंतर शोधलं आणि मग मारलं. त्या गोळीची घसरण इतक्या लांबवर दहा मीटरहून कितीतरी जास्त. म्हणजे हे जखमी जनावर सोडायचं नाही म्हणून केलेलं काम होतं. ही गोष्ट खरी मानली, तरी तिच्यातून 'पिस्तूल सहाशे यार्ड मारतं' एवढंच उरलं, हा पुढच्या लेखकांचा दोष. कीथचाही थोडा आहेच. सांगायला त्याला आवडत असे.

आता आपल्या जवळचा माणूस घेऊ. कॅप्टन जेम्स फोर्साइथ हा 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया'मुळे आपल्याला माहीत आहे. पचमढी, सातपुडा, निमाड. पुस्तक १८७१चं, आणि त्याच वर्षी तो वारला. पण त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारीच्या रायफली आणि त्यांच्या गोळ्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. ते मराठीत कुणी फारसं वाचलेलं दिसत नाही. इंदूर-खांडव्याच्या मित्रांनी तरी वाचावं. त्याचा मुद्दा एकच आहे आणि तो हट्टाने मांडलेला आहे. त्या काळच्या लांबट गोळ्या दूरवर अचूक जात, पण वक्र मार्गाने. फोर्साइथ म्हणतो, रानात अंतराचा अंदाज चुकतोच. म्हणून मला दूरचा पल्ला नको. मला सपाट मार्ग हवा. मोठ्या बोअरची गोल गोळी, भरपूर दारू, आणि नळीतला पीळ अगदी सावकाश: चौदा बोअरला आठ फुटांहून जास्त लांबीत एक फेरा. यातून दीडशे यार्डांच्या आतलं अंतर निर्धास्त झालं. बाहेरचं त्याने सोडून दिलं.

सोडून दिलं, हे महत्त्वाचं. फोर्साइथची गोल गोळी लवकरच जुनी झाली. एक्स्प्रेस रायफलींनी तिला मागे टाकलं. पण त्याने विचार माणसाच्या चुकीपासून सुरू केला आणि हत्यार तिथपर्यंत आणलं. पिस्तुलाच्या लेखनातले बरेचजण उलट जातात: हत्यार किती लांब जातं तिथून सुरुवात, आणि माणसाने तिथपर्यंत पोचायचं. त्यातही एक विसंगती आहे. पिस्तूल घेण्याचं कारण म्हणून सगळे सांगतात की रायफलीने सोपं होतं, आम्हाला जवळ जाण्याची कसोटी हवी. आणि मग चौदा इंची नळी, बारापट दुर्बीण, दुपायी स्टँड असं करत करत जे तयार होतं, ती दस्ता कापलेली रायफल. जवळ जाण्याची कसोटी राहते बाजूला. रिव्हॉल्व्हर घेऊन शंभर यार्डांच्या आत जाईन, नाही जमलं तर परत येईन, असं लिहिणारेही आहेत. मला ते अधिक सच्चे वाटतात, पण त्यांच्या लेखांत फोटो कमी असतात.

जवळ कसं जायचं, याचं उत्तर आपल्याकडे होतं आणि ते साहेबाच्या पुस्तकात हत्यारांच्या प्रकरणात कधी आलं नाही. कळवीट शेतातल्या बैलगाडीला बुजत नाही. चित्तेवान याच आधारावर गाडी शे-दोनशे पावलांच्या आत नेत, तिरकी तिरकी, थेट कळपाकडे कधीच नाही. साहेबांनीही पुढे तीच गाडी वापरली. फासेपारधी तर शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून चालत जात आणि फास लावत. अंतर शून्यावर आणत. फोर्साइथला निदान दीडशे यार्डांची चिंता होती. त्या दीडशे यार्डांपर्यंत त्याला आणून सोडणाऱ्याचं नाव मात्र या वाङ्मयात क्वचितच सापडतं. अमेरिकन लेखनातल्या गाइडचंही थोडंफार तेच.

जाता जाता एक गोष्ट, हत्यारांशी संबंध नसलेली. प्रॉन्गहॉर्न इतका जोरात का पळतो, याचं उत्तर जॉन बायर्स यांनी १९९७च्या पुस्तकात मांडलं आहे: आज अमेरिकेत त्याला गाठणारा एकही शिकारी प्राणी नाही, पण चित्त्यासारखा एक प्राणी तिथे हजारो वर्षांपूर्वी होता, आणि वेग त्या काळचा उरलेला आहे. सगळ्यांनाच हे पटलेलं नाही. पण बडोदेकराने हे वाचून थोडं थांबावं. आपल्याकडे भारत सरकारने १९५२ मध्ये चित्ता संपल्याचं जाहीर केलं, आणि वेळावदरच्या गवतात कळवीट अजून तसंच उसळ्या मारत पळतं.

आपल्या भागातल्या वाड्यांत, माळ्यांवर शिकारीच्या वह्या अजून असतील. जनावर, तारीख, शिंगांची इंचात लांबी, असे रकाने मी दोन-तीन ठिकाणी पाहिले आहेत. अंतराचा रकाना आणि 'जखमी, सापडलं नाही' हा रकाना फक्त एका वहीत होता. आणि त्या वहीत शिकार बाकीच्यांच्या निम्मीही नव्हती. तुमच्याकडे अशी वही असेल तर मंडळाला त्या पानांचे फोटो पाठवा. नावं झाकली तरी चालतील, रकाने दिसू द्या.