शंका विचारायची कोणाला?

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात ‘साइट’ हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला. एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दिसले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी होते. तंत्र म्हणून प्रयोग यशस्वी झाला, हे मान्यच. पण संदेश एकाच दिशेने येत होता. पडद्यावरचे पटले नाही, तर मुलाने विचारायचे कोणाला? गुजरातेत खेडा जिल्ह्यासाठी निघालेल्या कार्यक्रमांत स्थानिक प्रश्न आणि गावकरी स्वतः आले, ही मोठी सुधारणा होती. आज वर्गात मोबाइलवर धडे दिसतात, तरी उणीव तीच राहू शकते. म्हणून धडा मध्येच थांबवून आपण शंका विचारू द्यायला हव्यात. ते काम शिक्षकाचेच आहे.