कापडावरची मांजरं

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत अंकांच्या चळती लागतात. मी आधी मुखपृष्ठंच बघते. अलीकडे ती बघायला वेळ लागत नाही. एखादं सुबक पेंटिंग, नाहीतर पणती आणि रांगोळी, वर अंकाचं नाव. चित्र वाईट नसतं, पण ते शेजारच्या अंकावर चिकटवलं तरी काही बिघडणार नाही.

अशा वेळी हटकून आठवतं ते १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं. त्या काळी दिवाळी अंकावर देखणी स्त्री असायची, आणि दलाल-मुळगावकर या चित्रकारांनी ती परंपरा वैभवाला नेली होती. फडणीसांनी एक तरुण आणि एक तरुणी काढली. त्याच्या शर्टावर मांजरांची नक्षी, तिच्या साडीवर उंदरांची. बस्स, खाली एक अक्षर नाही.

यातली खरी करामत नक्षीची आहे. कापडावरची नक्षी म्हणजे मोकळी जागा भरायचं काम. नजर तिच्यावरून घसरून चेहऱ्याकडे जाते. इथे चेहऱ्यांवरून नजर परत कापडावर येते आणि सगळा मामला तिथे उलगडतो. हे सुचायला विनोदबुद्धी हवीच, पण त्याहून जास्त हवी मांडणीची शिस्त. ती फडणीसांकडे होती. २९ जुलै १९२५ ला बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या या माणसाने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचं शिक्षण घेतलं, आणि पुढे पुणं हेच त्यांचं गाव झालं. त्यांना नुसते व्यंगचित्रकार म्हणणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. सलग, बंद रेषा, सपाट रंग, एकही रेघ जास्तीची नाही: हे ग्राफिक डिझाइन आहे, आणि अव्वल दर्जाचं.

त्याचा पुरावा बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत सापडतो. तिथेही त्यांची चित्रं होती. गणिताला घाबरणारं पोर आधी चित्रात शिरायचं आणि मग उदाहरणापाशी पोचायचं. शब्दाविना सांगायची जी सवय त्यांच्या ‘हसरी गॅलरी’तल्या व्यंगचित्रांत दिसते, तीच इथे शिकवायच्या कामी आली.

मुखपृष्ठं करणारे चांगले हात आजही कमी नाहीत. सुभाष अवचट, रविमुकुल, चंद्रमोहन कुलकर्णी यांनी मराठी पुस्तकाला चेहरा दिला. अडचण वेगळी आहे. मुखपृष्ठ आता पहिल्यांदा दिसतं ते मोबाइलवर, अंगठ्याच्या नखाएवढं. त्या आकारात पहिली नजर जिंकता येते. दुसऱ्या नजरेसाठी राखून ठेवावं असं काही त्यात मावेनासं झालंय. नखाएवढ्या चित्रात साडीवरचे उंदीर नुसते ठिपके दिसतील. चित्रकाराचं नाव तर अजूनही आत, बारीक टायपात, मुद्रकाच्या पत्त्याशेजारी शोधावं लागतं.