चाळीस प्रश्न आणि एक कॉलर

मी पोटासाठी फॉर्म बनवतो. चौकट रिकामी राहिली की लाल अक्षरं उमटली पाहिजेत, एवढीच माझी काळजी. म्हणून व्हॅलेरिया लुइसेलीचं ‘टेल मी हाऊ इट एन्ड्स’ (२०१७) मी आधी एका फॉर्मचं पुस्तक म्हणूनच वाचलं.

ही मेक्सिकन लेखिका २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात दुभाषी म्हणून काम करू लागली. समोर बसायची ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरहून एकटी आलेली मुलं. हातात ४० प्रश्नांचा फॉर्म. पुस्तकाची मांडणीही त्याच प्रश्नांची. त्या कोर्टात मुलालाही सरकार वकील देत नाही. त्यात २०१४ पासून सुनावण्या पुढे ओढल्या गेल्या. वकील शोधायला आधी जवळपास वर्ष मिळायचं, ते २१ दिवसांवर आलं. फॉर्ममधली उत्तरं बघून एखादा वकील केस घेणार, किंवा नाही घेणार.

का आलास, असं विचारलं की बरीच मुलं सांगतात, आपल्या माणसांकडे राहायला. उत्तर शंभर टक्के खरं, पण आश्रय मिळायला निरुपयोगी. तिथे मोजला जातो तो मागे सुटलेला धोका. हे मुलाला माहीत नसतं, आणि दुभाषीने उत्तर सुचवायचं नसतं. ग्वाटेमालाच्या पाच आणि सात वर्षांच्या दोन बहिणी तर धड काही सांगूच शकत नाहीत. आजीने त्यांच्या फ्रॉकच्या कॉलरमध्ये आईचा फोन नंबर शिवून दिलेला असतो. अख्ख्या पुस्तकात मुलांसाठी नीट विचार करून केलेली नोंद मला ती एकच दिसली.

माझी तक्रार इथेच आहे. लुइसेली स्वतःच्या हतबलतेवर बरंच लिहिते. पण हा कागद कशासाठी आहे, हे मुलांना कुणी, कोणत्या शब्दांत सांगितलं, यावर फार थोडं. होंडुरासचा एक मुलगा गुंडांविरुद्ध केलेल्या पोलीस तक्रारीची प्रत खिशात घेऊन आलेला असतो. कागदाची किंमत त्याला ठाऊक आहे. त्याला आणखी काय काय समजलं असेल, हे मला वाचायचं होतं.

तरीही वाचा. शंभराहून थोडीच जास्त पानं आहेत. ‘ही माहिती का विचारतोय’ ही बारीक अक्षरातली ओळ मी आजवर जागा वाचवायला पहिली उडवायचो. आता हात अडखळतो.