सिंधू आणि स्कायलर

घरात दूरचित्रवाणीवर गुन्हेगारीची मालिका लागली, की एखादे वडीलधारे माणूस हटकून विचारते, ‘यातून पोरांनी घ्यायचे काय?’ आणि पाहणाऱ्यांचे उत्तरही ठरलेले असते, ‘शेवटी शिक्षा होतेच की त्याला!’ मला यातला प्रश्न प्रामाणिक वाटतो आणि उत्तर लबाड. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड क्रमिक पुस्तकात लपवून वाचणारी पिढी काही दरोडे घालायला गेली नाही, हे मान्य. पण ती ओळख एका दुपारची होती. पुस्तक मिटले, की काळा पहाड आपल्या वाटेने निघून जाई. आजची मालिका आपल्याला गुन्हेगाराच्या घरी पाच-पाच वर्षे बिऱ्हाड करायला लावते. शेवटच्या दिवशी त्याला शासन झाले, म्हणून मधली पाच वर्षे पुसली जात नाहीत.

शेवटी शिक्षा दाखवली की सारे निभावते, ही समजूत तशी जुनीच. १९३२ साली अमेरिकेत ‘स्कारफेस’ नावाचा गुंडांचा चित्रपट आला, तेव्हा सेन्सॉरच्या समाधानासाठी त्याच्या नावाला ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाचे शेपूट जोडण्यात आले आणि नायकाला रीतसर फाशी दिल्याचा एक निराळा शेवटही चित्रित झाला. शेपूट लोक विसरले. गुंडाचा रुबाब मात्र असा टिकला, की १९८३ साली त्याच नावाचा नवा चित्रपट निघाला.

म्हणून मी विचारासाठी अशी मालिका घेतो, की जिच्या कर्त्याच्या हेतूविषयी शंका घ्यायला जागा नाही. ती म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’. २००८ ते २०१३ या काळात तिचे ६२ भाग झाले. एका पापभीरू मास्तराचा पायरीपायरीने ‘स्कारफेस’ झालेला दाखवायचा, अशी व्हिन्स गिलिगन या तिच्या कर्त्याची प्रतिज्ञाच होती.

अमेरिकेतल्या ॲल्बुकर्की गावी वॉल्टर व्हाइट नावाचा रसायनशास्त्राचा मास्तर आहे. वय पन्नाशीचे, शाळा सुटल्यावर मोटारी धुण्याच्या दुकानात नोकरी. बायको गरोदर, मुलगा अपंग, आणि याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान होते. आपल्यामागे घराचे कसे होईल, या चिंतेने तो एका जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथ नावाचे मादक द्रव्य बनवू लागतो. इथवर कोणीही त्याच्याच बाजूने उभा राहील. पण पहिल्याच पर्वात त्याचे जुने सहकारी उपचाराचा सगळा खर्च देऊ करतात, आणि तो नको म्हणतो! ज्या कंपनीतून आपण बाहेर पडलो ती यांनी भरभराटीला आणली, हा सल त्याच्या मनात आहे. ‘कुटुंबासाठी’ हे कारण तिथेच संपले. गिलिगनने ते लपवलेले नाही. आपण प्रेक्षकच ते पाहून न पाहिल्यासारखे करतो आणि पुढची पाच वर्षे त्या मास्तराची वकिली करीत बसतो.

हे पाहताना मला सारखा ‘एकच प्याला’तला सुधाकर आठवत राहिला. दोन्ही कथा नशेच्या, पण दोन्हींचे खरे बीज दुखावलेल्या अहंकारात आहे. सुधाकर हुशार वकील. त्याची सनद काही काळापुरती जाते आणि तो अपमान गिळण्यासाठी तो पहिला प्याला ओठांना लावतो. वॉल्टर दारूला शिवत नाही म्हणा किंवा शिवतो म्हणा, त्याची नशा निराळीच आहे. आपल्यासारखा माल दुसरा कोणी बनवू शकत नाही, ही ती नशा. गडकरी १९१९ साली गेले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यांच्या मागून. त्यातल्या तळीरामाच्या आर्यमदिरामंडळावर मराठी प्रेक्षक पोट धरून हसला. म्हणजे ‘दारूचे गोडवे गातो’ हा आरोप या नाटकावरही करता आलाच असता. पण रंगमंचाच्या मध्यभागी, जात्याशी, सिंधू बसलेली होती. ठिगळाचे लुगडे नेसलेले बालगंधर्व त्या भूमिकेत उभे राहिले, की तळीरामाचे विनोद कोणाच्या किमतीवर चालले आहेत ते प्रेक्षकाला सांगावे लागत नसे.

मग ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये सिंधू नाही का? आहे. तिचे नाव स्कायलर, वॉल्टरची बायको. आणि जगभरच्या प्रेक्षकांनी या बाईचा जो द्वेष केला, तसा त्या मालिकेतल्या खुनी माणसांचाही केला नाही. ही भूमिका करणाऱ्या ॲना गन हिने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याविषयी लेखच लिहिला. इंटरनेटवर एकाने तर, ही नटी कुठे सापडेल, मला तिला मारायचे आहे, असे लिहिले होते.

या बाईचा गुन्हा काय? ती विचारते. कुठे गेला होतास, पैसे कुठून आले, मुलांना या घरात ठेवू की नको? पुढे नवऱ्याचा काळा पैसा धुऊन काढायला तीही हात लावते, तेव्हा ती काही सती-सावित्री नव्हे. पण तुझा रोग उलटण्याची मी वाट पाहते आहे, असे ती त्याला तोंडावर सांगते, तेव्हा तिच्याइतके खरे बोलणारे त्या घरात कोणी नसते. प्रेक्षकाला नेमके तेच सोसत नाही. मोटारीतून नायकाबरोबर भरधाव निघालो असताना ही बाई हँडब्रेक ओढते!

इथे आपल्या सिंधूविषयीही एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. तिच्यासाठी आपण रडलो, कारण तिने एकदाही हँडब्रेक ओढला नाही. मरतानासुद्धा ती नवऱ्याला पाठीशीच घालते. सिंधूने सुधाकराला दाराबाहेर काढून कडी लावली असती, तर गडकऱ्यांच्या प्रेक्षकाने तिच्यासाठी डोळे पुसले असते का? मला शंका आहे. सोसणारी बाई आपल्याला पूज्य वाटते, आणि अडवणारी कजाग. ही खोड पडद्याने लावलेली नाही; पडद्याने ती फक्त उघडी पाडली.

या मालिकेने गुन्ह्याला सोनेरी मुलामा दिला का, असे विचाराल तर ॲल्बुकर्कीत पुरावा मिळतो. मालिकेत वॉल्टर चिडून पिझ्झा छपरावर भिरकावतो, म्हणून चित्रीकरण झालेल्या खऱ्या घराच्या छपरावर पाहुणे येऊन पिझ्झा फेकू लागले. शेवटी २०१५ साली गिलिगनलाच, हे थांबवा, अशी विनवणी करावी लागली. जुलै २०२२ मध्ये त्या गावात वॉल्टर आणि जेसी यांचे ब्राँझचे पुतळे बसले. ते गावाला भेट देणाऱ्यांत गिलिगनही होता. आणि २०२५ साली लेखक-संघाचा सन्मान स्वीकारताना याच गृहस्थाने, खलनायक लोकांना आदर्श वाटू लागले आहेत, आता चांगली माणसे लिहू या, असे आवाहन केले. पुतळा बसवून झाल्यावर आलेले हे शहाणपण! तरी ते मोलाचे आहे. इतके स्पष्ट बोलणारे लेखक थोडे.

माझी तक्रार मात्र पुतळ्यांविषयी नाही, शेवटाविषयी आहे. शेवटून तिसरा ‘ओझिमँडियस’ हा भाग या मालिकेचे शिखर. मेव्हणा मारला गेला आहे, स्वयंपाकघरातली सुरी हातात घेऊन बायको नवऱ्यासमोर उभी आहे, झटापट होते, आणि अपंग मुलगा आईला पाठीशी घालून बापावर पोलीस बोलावतो. बाप तान्ही मुलगी उचलून पळतो. त्या दहा मिनिटांत कुणालाही वॉल्टर व्हावेसे वाटणार नाही. तिथे थांबले असते, तर बरे झाले असते.

पण पुढे आणखी दोन भाग आहेत, आणि त्यात कर्ता आपल्या नायकाच्या प्रेमात पडलेला दिसतो. हे सारे मी माझ्यासाठीच केले, अशी कबुली वॉल्टर बायकोजवळ देतो, एवढा प्रसंग सच्चा आहे. बाकी सगळे त्याच्या मनासारखे जुळून येते. पैसा मुलाला मिळण्याची तजवीज होते, मोटारीत दडवलेली मशीनगन जवळजवळ सगळ्या वैऱ्यांना एका झडीत लोळवते, जेसी सुटतो, आणि आपल्या आवडत्या यंत्रांवरून हात फिरवीत मास्तर समाधानाने प्राण सोडतो. वरचे गाणेही गोड आहे. कॅमेरा हळूहळू वर जातो, खाली पोलीस शिरतात, आणि त्या चौकटीत स्कायलर कुठेच नसते.