चाल आणि पाऊल : कार्टूनपटातील पात्राच्या चालण्यासंबंधी काही विचार

मराठीत 'चाल' हा शब्द निदान दोन अर्थांनी वापरला जातो. माणसाच्या चालण्याच्या ढबीला आपण चाल म्हणतो, आणि गाणे ज्या स्वररचनेत बसविलेले असते तिलाही चालच म्हणतो. शब्द तेच राहून चाल बदलली की गाणे बदलते, हे जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईलाही ठाऊक असे. पावले तीच राहून चाल बदलली की माणूस बदलतो, ही गोष्ट मात्र कार्टूनपटाचे शिक्षण देणाऱ्या आपल्याकडील वर्गांतून अद्याप पुरेशी ओळखली गेलेली नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत झाले आहे. हे मत कसे बनले व त्याला भाषाशास्त्राचा आधार कितपत मिळतो, हे येथे मांडावयाचे आहे.

निमित्त अगदी लहान आहे. डोंबिवलीतील एका खासगी अ‍ॅनिमेशन-वर्गाच्या वार्षिक परीक्षणास मला बोलावणे होते. संवाद व उच्चार यांवर मत देणे एवढेच माझे काम; परंतु गुणपत्रकावर सर्वच परीक्षकांनी सही करावयाची, असा तेथील रिवाज होता. विद्यार्थी ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातले. प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक पात्र पडद्यावर चालवून दाखवावे, असा एक प्रश्न होता. चौदा पात्रे आमच्यापुढून चालत गेली. त्यांत राजा होता, मांजर होते, यंत्रमानव होता, धोतर नेसलेले आजोबा होते. वेश चौदांचे निराळे. पण त्यांपैकी तेरांची चाल एकच होती. चौदावे पात्र म्हणजे पाठीवरची सॅक छातीवर घेऊन लोकलसाठी निघालेला एक नोकरदार होता. त्याचे पाऊल आखूड पडत होते, हात हलत नव्हते आणि धड किंचित मागे रेलले होते. 'देहाचा कल' या सदराखाली त्याचे गुण कापले गेले. चालणाऱ्याचे धड पुढे झुकावे, असा नियम असल्याचे मला सांगण्यात आले. मी सही केली.

तो नियम मुळात चुकीचा नाही, हे प्रथम नमूद करणे न्याय्य होईल. चालणे म्हणजे पडणे आणि सावरणे यांची मालिका होय. देहाचा भार पुढे जातो, देह पडू लागतो, आणि पुढे आलेला पाय त्याला सावरतो. चित्रकार या क्रियेच्या चार मुख्य अवस्था कल्पितो. पहिलीत दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात. दुसरीत पुढचा पाय भार घेऊन वाकतो व सर्व देह खाली येतो. तिसरीत एक पाय दुसऱ्याजवळून पुढे जातो. चौथीत मागचा पाय रेटा देतो व देह सर्वांत उंच होतो. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. तेव्हा १२ फ्रेमला एक पाऊल टाकले की सेकंदास दोन पावले पडतात. ही कवायतीची चाल होय, आणि तेरा विद्यार्थ्यांनी तीच योजिली होती. पाऊल आठ फ्रेमवर आणले की घाई दिसते, १६ वर नेले की रमतगमत चालणे होते, २० वर नेले की थकवा किंवा वार्धक्य दिसू लागते. डोके सरळ रेषेत न जाता लाटेसारखे वरखाली जावे, हात पायांच्या उलट झुलावेत, केस व वस्त्र देहामागून किंचित उशिरा थांबावेत, हे सारे या शास्त्रातील सुपरिचित नियम आहेत.

हे शास्त्र आपल्याकडे रीतसर आले ते फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील कार्टून विभागातून. डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली तेथे शिकविण्यास आले, आणि १९५७ साली जातककथेवर आधारलेला 'द बनियन डिअर' हा पट त्या विभागातून बाहेर पडला. राम मोहन यांच्यासारखे पुढे नावाजलेले कलावंत त्याच विभागात घडले. डिस्नेच्या परंपरेतील बारा तत्त्वे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने मांडली. आज ठाणे-कल्याणच्या वर्गांतून जे शिकविले जाते त्याचा पाया या तत्त्वांत आहे, आणि तो भक्कम आहे. माझा आक्षेप तत्त्वांवर नाही. तत्त्वांचे उदाहरण म्हणून जी एक चाल शिकविली जाते तीच 'चालणे' होय, बाकीच्या चाली तिच्या विकृती होत, या समजुतीवर आहे. व्याकरण शिकविण्यासाठी घेतलेले वाक्य विद्यार्थ्याने भाषा म्हणून पाठ करावे, तसा हा प्रकार आहे.

आता त्या कमी गुण मिळालेल्या पात्राकडे पुन्हा पाहू. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सकाळच्या वेळी फलाटावर उभे राहिलेल्या कोणासही हे दृश्य परिचित आहे. गर्दीत धक्का लागू नये, चोरी होऊ नये, मागच्याला अडचण होऊ नये, म्हणून सॅक छातीशी घेतली जाते. त्याबरोबर देहाचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, आणि तोल राखण्यासाठी धड मागे रेलते. गरोदर स्त्रीच्या चालण्यात हेच घडते. हात सॅकच्या पट्ट्यांवर असल्यामुळे झुलत नाहीत. पुढे माणूस आहे आणि स्वतःचे पाऊल दिसत नाही, म्हणून पाऊल लांब पडत नाही. ते जमिनीपासून फारसे उचललेही जात नाही. त्यामुळे डोक्याची लाट जवळजवळ सपाट होते, आणि त्याऐवजी देह डाव्याउजव्या अंगाला झुलतो. म्हणजे भार, तोल व काल यांची सर्व तत्त्वे त्या विद्यार्थ्याने पाळली होती. किंबहुना, तोलाचे तत्त्व सर्वांत काटेकोरपणे पाळणारा तो एकटाच होता. पुढे झुकण्याचा नियम मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या हातांनी चालणाऱ्या माणसाचा आहे. डोंबिवलीच्या पुलावर सकाळी आठ वाजता असा माणूस शोधूनही सापडावयाचा नाही.

तोंडी परीक्षेत त्या विद्यार्थ्याला विचारण्यात आले की, तुझे पात्र असे का चालते. त्याने उत्तर दिले, "मॅडम, तो चालत नाहीये, पुढे सरकतोय." आम्ही हसलो. ते उत्तर माझ्या विषयातले होते आणि मला ते त्या वेळी कळले नाही, हे मला कबूल केले पाहिजे. घरी परतताना गाडीत, दाराकडे सरकणाऱ्या माणसांकडे पाहताना, त्या क्रियापदाचे वजन ध्यानात आले.

मराठीत चालण्याचे प्रकार सांगणारे अनुकरणवाचक शब्द विपुल आहेत. मोल्सवर्थच्या कोशाची पाने चाळली तरी या जातीच्या शब्दांची समृद्धी दिसून येते. या शब्दांकडे आपण अलंकार म्हणून पाहतो. परंतु त्यांची घडण तपासली तर त्यांत चालण्याचे पृथक्करणच दडलेले आढळते. तुरुतुरु, लुटुलुटु, दुडूदुडू, झपझप, तरातरा हे शब्द घ्या. प्रत्येकाचे दोन भाग आहेत व ते एकसारखे आहेत. चालण्याच्या एका आवर्तनातही दोन पावले असतात, आणि ती एकमेकांची प्रतिबिंबे असतात. चित्रकार एक पाऊल रेखाटून दुसरे त्यावरूनच सिद्ध करतो. म्हणजे हे शब्द उच्चारात चालण्याचे एक संपूर्ण आवर्तन करून दाखवितात. याउलट लटपटत, डगमगत, अडखळत, धडपडत हे शब्द पाहा. यांचेही दोन भाग पडतात, पण ते एकसारखे नाहीत. लट आणि पट, डग आणि मग. येथे दुसरे पाऊल पहिल्यासारखे पडत नाही, तोल बिघडलेला आहे. तिसरा गट रखडत, खुरडत, रेंगाळत, सरकत यांचा. यांत द्विरुक्ती मुळीच नाही. या क्रियांत पाऊल स्पष्टपणे उचललेच जात नाही; म्हणून मोजण्याजोगा ठोका नाही, आणि ठोका नाही म्हणून शब्दाला दुहेरी रूप नाही. 'तो सरकतोय' असे म्हणणाऱ्या मुलाने डोक्याची लाट सपाट का काढली, याचे उत्तर त्या क्रियापदातच होते.

स्वर व व्यंजनेही येथे काम करतात. उकाराचे शब्द आखूड पावलांचे आहेत: तुरुतुरु, लुटुलुटु, दुडूदुडू. आकार आला की ढांग लांबते: तरातरा, झपाझपा. झपझप आणि झपाझप यांतील फरक एका स्वराचा आहे, पण दुसऱ्या शब्दात जोर अधिक लागतो. लहान व मोठे यांची जाणीव स्वरांशी जोडली जाते, हे एडवर्ड सपीर याने १९२९ साली कल्पित शब्दांवरील प्रयोगांतून दाखविले होते. तेथे लहानपणाचा स्वर इकार होता, येथे आखूड पावलांसाठी मराठीने उकार निवडलेला दिसतो. तुरुतुरु चालणारा हलका आहे. दुडूदुडू चालणाऱ्या तान्ह्याचा भार प्रत्येक पावलागणिक खाली येतो, आणि तो आपटण्याचा क्षण दकार-डकारांनी पकडला आहे. चित्रकाराच्या भाषेत सांगावयाचे तर पहिल्यात चौथी अवस्था महत्त्वाची, दुसऱ्यात दुसरी.

या नियमास अपवाद आहेत. 'डुगडुगत' हा शब्द अस्थिर चालण्याचा असूनही त्याचे भाग सारखेच आहेत. मात्र डुगडुगणे हे नियमित थरथरीचे असते, पडण्याचे नसते. तेव्हा हा अपवाद नियमाच्या फारसा विरुद्ध जात नाही. 'लगबग' हा शब्द अधिक अडचणीचा आहे. लगबगीने चालणाऱ्या बाईचा तोल गेलेला नसतो, तरी शब्दाचे भाग विषम आहेत. माझ्या मते येथे विषमता पावलांत नसून पाय व हात यांच्या गतींत आहे: पाय निघालेले असतात आणि हात अजून पदर सावरीत किंवा पिशवी शोधीत असतात. हे स्पष्टीकरण पटले नाही तर तो शब्द अपवादात टाकावा. मूळ निरीक्षणाला त्याने बाध येत नाही.

यावर असा आक्षेप येणे साहजिक आहे की, मनुष्याचा सांगाडा सर्वत्र सारखाच आहे, तेव्हा चालण्याला प्रांत आणि भाषा कोठून आली? मुख, जिव्हा आणि कंठ हेही सर्वत्र सारखेच आहेत. तरी भाषा निरनिराळ्या आहेत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९३४ साली देहाच्या लकबींवर दिलेल्या व्याख्यानात एक अनुभव सांगितला आहे. न्यूयॉर्कमध्ये रुग्णालयात पडून असताना तेथील परिचारिकांची चाल आपण पूर्वी कोठे पाहिली, असा प्रश्न त्याला पडला, आणि ती चित्रपटांत पाहिली होती हे त्याच्या ध्यानात आले. फ्रान्सला परतल्यावर त्याला पॅरिसच्या मुलींतही तीच चाल दिसू लागली. चालणे शिकले जाते, आणि पडदा ते शिकवू शकतो, असा याचा अर्थ. म्हणून प्रश्न केवळ एका विद्यार्थ्याच्या गुणांचा राहत नाही. ज्या मुलांना पडद्यावर सर्व पात्रे एकाच चालीने चाललेली दिसतील, त्यांना आपल्या आजीची चाल चुकीची वाटू लागेल.

आणि या प्रदेशाला देहाच्या गतीचे पृथक्करण परके आहे, असेही नाही. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. त्या तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकलेला जगभर ओळख मिळवून दिली. वारली चित्रातील मनुष्याकृती टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांची असते. वरचा त्रिकोण खांद्यांचा, खालचा कमरेचा. हे दोन त्रिकोण परस्परांविरुद्ध कलंडले की आकृती चालू किंवा नाचू लागते. आणि चालताना खांदे व कंबर उलट दिशांना वळतात, हाच तर कार्टूनपटाचाही धडा आहे. तारप्याच्या नाचातील वर्तुळाकार रांगेवरून नजर फिरविली तर एकाच देहाच्या लागोपाठच्या अवस्था पाहत असल्याचा भास होतो. एवढे उदाहरण हाताशी असताना वर्गाच्या भिंतीवर परक्या पुस्तकातील एकच पट्टी टांगलेली असावी, याचे मला आश्चर्य वाटते.

ते पुस्तक काढून टाकावे, असे सुचविण्याचा हेतू नाही. चार अवस्था व फ्रेमची गणना प्रथम शिकविलीच पाहिजे. त्यानंतर मात्र विद्यार्थ्याला पात्र न देता शब्द द्यावा. 'तुरुतुरु' असे सांगून सोडावे. पाऊल किती फ्रेमचे, डोके किती उचलेल, हात काय करतील, हे त्याने शब्दावरून ठरवावे. मग त्याला कल्याणच्या फलाटावर किंवा ठाण्याच्या बाजारात पाठवून आपला निर्णय ताडून पाहण्यास सांगावे. पुस्तक, शब्द आणि रस्ता अशा तीन कसोट्यांना उतरलेली चाल कृत्रिम राहणार नाही.

ज्या गुणपत्रकावर माझी सही आहे ते आता बदलता येत नाही, असे मला कळविण्यात आले आहे. म्हणून पुढील वर्षाच्या पत्रकात एक रकाना वाढवावा, एवढी विनंती मी केली आहे. परीक्षकाने गुण देण्यापूर्वी त्या रकान्यात एका मराठी शब्दात लिहावे की, हे पात्र कसे चालत आहे. शब्द सुचला नाही तर परीक्षकाने चित्र पुन्हा एकदा पाहावे.