रतनगडाचं नेढं, सुईचं नेढं आणि सोयीची उत्तरं

मागच्या महिन्यात गावी, नेवासा तालुक्यात गेले होते. रविवारी उपासनेनंतर तरुण संघाची सभा होती. 'पीएच.डी. करतेय ना, मग बस थोडा वेळ' म्हणून मलाही बसवून घेतलं. विषय होता पवित्र शास्त्रातले अवघड प्रश्न. माझं संशोधन मातीतल्या जिवाणूंवर आहे, ग्रीकची अक्षरं ओळखण्यापलीकडे मला ती भाषा येत नाही, त्यामुळे मी मागच्या बाकावर गप्प बसायचं ठरवलं होतं. पण तिथे जे ऐकलं ते आपल्या या ब्लॉगच्या नेहमीच्या विषयाला, म्हणजे 'पुरावा कशाला म्हणायचं' याला इतकं लागून होतं की यावेळी पेटची तयारी बाजूला ठेवून त्यावरच लिहिते आहे. ख्रिस्ती नसाल तरी वाचा. प्रश्न त्यांचे असले तरी चुका आपल्या सगळ्यांच्या आहेत.

एका मुलाने विचारलं, श्रीमंत माणूस देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला. मग श्रीमंतांचं काय? हे वचन मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे, त्यामुळे टाळता येत नाही. उत्तर लगेच आलं. 'सुईचं नेढं' हे यरुशलेमच्या एका छोट्या दरवाजाचं नाव होतं. रात्री मोठी वेस बंद झाली की व्यापाऱ्याने उंटावरचं ओझं उतरवायचं, उंटाला गुडघ्यावर बसवायचं आणि त्या दरवाजातून आत न्यायचं. म्हणजे श्रीमंताने नम्र व्हावं, झालं. वर पुस्ती जोडली की आपल्या माळीवाड्याच्या वेशीसारखी वेस डोळ्यासमोर आणा, आणि किल्ल्याच्या दारात दिंडी असते ना, तसंच ते.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली, कारण लहानपणापासून हेच ऐकलंय. चित्र इतकं स्वच्छ आहे की शंका यायला जागाच नाही. आणि नेमकं तेच मला घरी आल्यावर टोचायला लागलं.

आपल्याकडे नेढं म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक सुईचं, दुसरं डोंगराचं. अकोले तालुक्यात रतनवाडीच्या डोक्यावर रतनगड आहे, त्याच्या माथ्यावर आरपार भोक पडलेला कातळ आहे, त्याला नेढंच म्हणतात. वारा असा असतो की टोपी टिकत नाही. अख्खा ट्रेकचा ग्रुप त्यात बसून डबे खातो. आता समजा शुभवर्तमान अकोल्यात लिहिलं गेलं असतं, तर हजारएक वर्षांनी कुणीतरी नक्की म्हणालं असतं की येशूला ते नेढं म्हणायचं होतं, त्यातून उंट आरामात जातो. (आधी त्याला रतनगडाच्या शिड्या चढाव्या लागतील, तो भाग वेगळा.) ऐकणाऱ्याला पटलंही असतं, कारण जागा खरी आहे, नाव खरं आहे, फक्त दोघांचा त्या वाक्याशी संबंध आहे हे कुणी दाखवलेलं नाही.

यरुशलेमच्या दरवाजाचं तर नावही सिद्ध नाही. मोठ्या दरवाजात छोटा दरवाजा असणं ही जगभर चालणारी गोष्ट आहे, पण पहिल्या शतकात तिथल्या अशा दरवाजाला 'सुईचं नेढं' म्हणत असत याचा उत्खननातून वा त्या काळच्या लिखाणातून पुरावा मिळालेला नाही. हे स्पष्टीकरण आपल्याला सापडतं ते १३व्या शतकात थॉमस अक्वायनसने जुन्या टीकाकारांची मतं गोळा करून केलेल्या 'कतेना ऑरेआ' या संकलनात. तिथे ते अन्सेल्मच्या नावावर आहे, गुडघे आणि ओझ्यासकट. मूळ बोलण्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळ गेल्यावर आलेला साक्षीदार, आणि तोही ऐकीव. व्हायवाला एवढ्या भांडवलावर कुणी उभं राहील का?

त्याहून मला मजा वाटली ती आतल्या पुराव्याची. मत्तय आणि मार्क सुईसाठी 'राफिस' शब्द वापरतात, लूक मात्र 'बेलोने' वापरतो. दोन्हींचा अर्थ सुईच. पण ते एखाद्या दरवाजाचं विशेषनाम असतं तर लूकने ते बदललं असतं का? 'दिल्ली गेट'ला कुणी समानार्थी शब्द शोधत बसत नाही. दुसरं म्हणजे हे ऐकून शिष्य हबकतात, मग तारण होणार तरी कुणाचं असं विचारतात, आणि येशू म्हणतो की माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. उंट गुडघ्यावर बसवून पलीकडे जात असेल तर हबकायचं कशाला? दरवाजाचं स्पष्टीकरण एका ओळीचा त्रास मिटवतं आणि पुढच्या दोन ओळी निरर्थक करून टाकतं. एका निरीक्षणाला फिट बसणारं मॉडेल बाकीची निरीक्षणं मोडत असेल तर आपण त्याचं काय करतो, ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी पळवाट जास्त हुशार आहे. ग्रीकमध्ये 'कामेलोस' म्हणजे उंट आणि 'कामिलोस' म्हणजे जहाजाचा जाड दोर. पुढच्या काळात ग्रीक उच्चारात हे दोन्ही स्वर सारखेच झाले, त्यामुळे नकलाकाराने ऐकताना चूक केली असावी आणि मूळ शब्द दोर असावा, असं म्हणतात. ५व्या शतकात अलेक्झांड्रियाचा सिरिल असा अर्थ लावतो आणि काही हस्तलिखितांत तो पाठ खरंच आहे. म्हणजे इथे निदान पुरावा नावाची वस्तू आहे, हे मी मान्य करते. पण ती हस्तलिखितं थोडी आणि उशिराची आहेत. ४थ्या शतकातली सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस ही दोन्ही मोठी हस्तलिखितं उंटच म्हणतात. पाठचिकित्सेत एक नियम आहे की दोन पाठांत अवघड असलेला बहुधा मूळचा, कारण नकलाकार अवघड ते सोपं करतो, सोपं ते अवघड सहसा करत नाही. नियम आंधळेपणाने वापरायचा नसतो, पण इथे तो चपखल बसतो. आणि दोर तरी सुईत कुठे ओवता येतो?

मग उंटाचं काय? काही नाही, तो उंटच आहे. तिथलं नेहमीच्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं जनावर आणि सगळ्यात छोटं भोक. बॅबिलोनच्या तालमुदात अशाच अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे, कुराणात सातव्या सुऱ्यात पुन्हा उंट आहे. मत्तयातच दुसरीकडे चिलट गाळून उंट गिळणारे लोक भेटतात. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला दरवाजा लागू नये.

माझी तक्रार या उत्तराच्या चुकीबद्दल तेवढी नाही. चुका होतात. तक्रार अशी की ते 'असावं' म्हणून सांगितलं जात नाही, 'होतं' म्हणून सांगितलं जातं. एका पुस्तिकेतून दुसऱ्या पुस्तिकेत, एका उपदेशातून दुसऱ्या उपदेशात. आपल्या रिव्ह्यू पेपरांत हाच रोग आहे. अ ने ब चा संदर्भ दिला, ब ने क चा, आणि क उघडून पाहिला तर तिथे तो आकडाच नाही. माझ्या पहिल्या चॅप्टरमध्ये असे दोन संदर्भ निघाले होते, गाईडने लाल पेनाने गोल केले, त्यामुळे मी फार शहाणपणा करत नाही. पण त्या मुलाने जो प्रश्न विचारला होता तो पैशाचा होता. त्याच्या घरचे कांद्यावर जगतात, आणि त्याच सभागृहात चार गाड्या असलेली माणसंही बसली होती. उत्तराने त्या माणसांची सोय झाली, त्याचा प्रश्न तिथेच राहिला.

आता हे सगळं इतक्या जोरात म्हटल्यावर मला जो प्रश्न खरंच अवघड जातो तो टाळता येणार नाही. तोही त्याच सभेत निघाला, सातवीतल्या मुलीकडून. ज्ञानेश्वर महाराज कुठे आहेत? तिच्या शाळेची सहल पैस खांबाला जाऊन आली होती. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशातच सांगितली गेली अशी परंपरा आहे, आणि नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं १८३१ मध्ये. ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोचलंच नाही त्यांचं काय? 'देव न्यायी आहे' एवढं उत्तर देऊन तिला बसवलं. मला माझी खापरपणजी आठवली. आमच्या घरात बाप्तिस्मा तिच्या मुलापासून सुरू झाला, तिच्यापासून नाही.

हा प्रश्न नगरहून एकदा बोस्टनपर्यंत गेला होता. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मुंबईत १८४७ मध्ये जन्मलेले मिशनरी, १८७४ पासून अहमदनगरला. १८७८ मध्ये इथे पाळकांच्या शिक्षणाची शाळा त्यांनीच सुरू केली. १८८६ मध्ये सुट्टीवर अमेरिकेत असताना, ज्या अँडोव्हर सेमिनरीत ते शिकले होते तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगी ते बोलले. अँडोव्हरचे काही प्राध्यापक तेव्हा म्हणत होते की ज्यांना या जन्मात ख्रिस्त कळलाच नाही त्यांना मरणानंतर संधी मिळत असेल असं मानायला हरकत नाही. ह्यूमनी त्या विचाराच्या बाजूने मत दिलं. अमेरिकन बोर्डात वादळ उठलं, त्यांचं परत येणं अडवून ठेवलं गेलं, आणि १८८७ मध्ये कुठे त्यांना नगरला परतता आलं.

विरोधकांची भीती होती की हे मत शिकवलं गेलं तर मिशनची निकडच संपेल. बाजू घेणारे म्हणत होते की हा सिद्धांत नाही, गृहीतक आहे. या शब्दावर मी थांबले. दरवाजाच्या गोष्टीत जो शब्द कुणी उच्चारत नाही तो इथे आपणहून पुढे ठेवलेला आहे, आणि त्याची किंमतही मोजलेली आहे.

पण पुरावा? या वादात पुन्हा पुन्हा निघतं ते १ पेत्र ३:१९. ख्रिस्ताने बंदिशाळेतल्या आत्म्यांना, नोहाच्या काळी न मानणाऱ्यांना, घोषणा केली असं तिथे आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणतो, तो मृतलोकात गेला. ऑगस्टीन म्हणतो, छे, नोहाच्याच तोंडून त्याचा आत्मा त्या काळच्या जिवंत माणसांशी बोलला. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात, हे आत्मे माणसांचे नाहीतच, ते हनोखाच्या पुस्तकातले पतित देवदूत, आणि त्यांना सांगितला तो विजय, शुभवर्तमान नव्हे. लूथरने तर पेत्राला नक्की काय म्हणायचंय ते आपल्याला कळत नाही असं सरळ लिहून ठेवलंय.

आणि एक फार देखणी अटकळ आहे. ग्रीक वाक्यात त्या जागी 'एन हो काय' अशी अक्षरं आहेत, ती 'हनोख' या नावाच्या ग्रीक रूपासारखी दिसतात. नकलाकाराची नजर घसरली आणि नाव गळालं, घोषणा ख्रिस्ताने नव्हे तर हनोखाने केली, असं रेंडल हॅरिस यांनी मांडलं. मॉफट यांच्या १९१३ च्या आणि गुडस्पीड यांच्या १९२३ च्या इंग्रजी भाषांतरांत हनोख चक्क छापला गेला. हनोखाच्या पुस्तकात तो पतित देवदूतांकडे निरोप घेऊन जातोही, म्हणजे सगळं जुळतं. फक्त एकाही हस्तलिखितात ते नाव नाही. त्यानंतरच्या प्रमुख भाषांतरांनी ते सोडून दिलं. असा एखादा सुंदर ग्राफ आपल्या सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये पडलेला असतो.

तेव्हा ह्यूमबद्दल माझं मत दोन्हीकडे जातं. ते वचन त्यांच्या गृहीतकाचा भार पेलत नाही, तिथे विरोधकांचं बरोबर होतं. गृहीतकामागे गरज होती हेही खरं, आणि दरवाजामागेही गरजच होती. पण एका गरजेने ऐकणाऱ्याची श्रीमंती सांभाळली, दुसरीने इथल्या लोकांच्या मेलेल्या आईबापांची काळजी केली. माझ्यातल्या विज्ञानवालीला हा फरक पुरावा म्हणून चालत नाही. माझ्यातल्या नातीला तो विसरताही येत नाही. नारायण वामन टिळक नगरला याच शिक्षणसंस्थेत शिकवायचे, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. ज्या पुलावरून तुम्ही आलात तो पूल नरकात आहे, हे त्यांच्यासमोर उभं राहून म्हणणं सोपं नसणार.

सभा संपल्यावर त्या मुलीला अंगणात गाठलं आणि जमेल तसं सांगितलं, की पेत्राच्या त्या ओळीचे तीन अर्थ लावतात, तिन्ही जुने आहेत, तिन्हीत अडचणी आहेत, आणि ज्ञानेश्वरांचं नाव एकातही नाही. ह्यूमसाहेबांची गोष्टही सांगितली, ती तिला आवडली. मग म्हणाली, "ताई, पण संडे स्कूलच्या परीक्षेत आलं तर कोणता लिहायचा?"

मी म्हटलं, "तिन्ही लिही, आणि कुणाचा कोणता तेही लिही."

"दोनच मार्कांना असतं," ती म्हणाली.